कडाक्याच्या थंडीत अडकल्यावर डोकं आणि चेहरा कसा सांभाळायचा?

रानवारा

बर्फाच्या प्रदेशात राहणारे, तिथे कामाला असलेले आणि उंच डोंगरांत भटकणारे बरेच जण इथे आहेत, म्हणून हा धागा काढतोय. बूट, हातमोजे, जाकीट यांवर आपण भरभरून बोलतो. डोक्याचा आणि चेहऱ्याचा विषय मात्र "टोपी घाल" एवढ्यावर आटोपतो. रोजच्या जाण्यायेण्याला तेवढं पुरतंही. पण गाडी बर्फात रुतली, वादळात वाट हरवली, ऐन थंडीत वीज जाऊन हीटर बंद पडला, की सगळं बदलतं. हात खिशात घालता येतात, पाय आखडून घेता येतात. चेहरा कुठे लपवणार? बघायचंही त्यानेच आणि श्वासही त्यानेच घ्यायचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आणीबाणीच्या पिशवीत एक जाडजूड माकडटोपी ठेवण्यापेक्षा दोन पातळ आवरणं ठेवा. आणि कापड किती जाड आहे यापेक्षा ते कोरडं कसं राहील याची जास्त काळजी घ्या.

आपण सोडतो तो श्वास बाष्पाने भरलेला असतो. उणे पंधराच्या आसपास तोंडावर कापड ओढून चालायला लागलं की आधी ओठांसमोरचा भाग दमट होतो. मग बाहेरच्या तंतूंवर पांढरे कण दिसू लागतात. तोवर आतली बाजू उबदारच लागत असते, त्यामुळे लक्ष जात नाही. मग कुठेतरी थांबलात, श्वास मंदावला, की तोच भाग पुठ्ठ्यासारखा कडक होतो आणि गार कडा हनुवटीला घासायला लागते. ओल्या कापडातून उष्णता कोरड्यापेक्षा फार झपाट्याने निघून जाते. म्हणजे ज्या जागेला सांभाळायला कापड बांधलं, तीच जागा आता सगळ्यात जास्त धोक्यात.

म्हणून मी जवळ ठेवतो ते असं. लोकरीची किंवा पॉलिस्टरची पातळ माकडटोपी, जिचा तोंडावरचा भाग हनुवटीखाली ओढता येतो. नळीसारखी गळपट्टी, जिला भटके लोक बफ म्हणतात. वर जाकिटाचं वारा अडवणारं हूड आणि डोळ्यांना गॉगल. बफ गोल असल्यामुळे ओला झालेला भाग मानेमागे फिरवून कोरडा भाग तोंडासमोर आणता येतो. पूर्ण भिजला तर तो जाकिटाच्या आत, आतल्या दोन कपड्यांच्या मधे ठेवायचा. अंगाच्या उबेने तो गोठत नाही आणि हळूहळू सुकतो. सुती रुमाल आणि सुती टोपी शक्यतो नकोच, सूत पाणी धरून ठेवतं. लोकर दमट झाली तरी बऱ्यापैकी ऊब देत राहते.

तुमचे अनुभव आणि शंका लिहा.

मैना

छान धागा. वाचनखूण साठवली. मला चष्मा आहे. नाकावर काही ओढलं की दोन मिनिटांत समोरचं दिसेनासं होतं, मग मी ते खाली ओढते आणि नाक उघडं पडतं. यावर काही उपाय?

आप्पा

रानवारा, विषय चांगला घेतलात. पण टोपीला तुम्ही दुय्यम केलंत असं वाटलं. शरीरातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मग पहिला मान टोपीचा नको का?

शुश्रूषा

आप्पा, मी वैद्यकीय क्षेत्रात आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोठ्या माणसाचं डोकं म्हणजे शरीराच्या एकूण त्वचेचा साधारण दहावा भाग. सगळं अंग सारखंच उघडं असेल तर उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. निम्म्याच्या जवळ जाणारा आकडा अमेरिकी लष्कराच्या एका जुन्या मार्गदर्शिकेत होता, तिथे ४० ते ४५ टक्के लिहिलेलं होतं. २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये व्रीमन आणि कॅरोल या दोन डॉक्टरांनी वैद्यकातल्या रूढ गैरसमजांवर लिहिताना हा समज खोडून काढला.

पण म्हणून टोपीचं महत्त्व कमी होत नाही. थंडी लागली की हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि शरीर तिथली उष्णता वाचवतं. डोक्याच्या त्वचेत हे जवळपास होत नाही, तिथलं रक्त वाहतच राहतं. १९५७ मध्ये फ्रोझ आणि बर्टन यांनी मोजून दाखवलं की बाकी अंग नीट झाकलेला माणूस उणे चार अंशांत उघड्या डोक्याने स्वस्थ बसला, तर शरीर जेवढी उष्णता तयार करतं तिच्या जवळपास निम्मी एकट्या डोक्यातून जाऊ शकते. म्हणजे जाकीट, बूट, हातमोजे सगळं चढवून डोकं उघडं ठेवणाऱ्याच्या बाबतीत तुमचं ऐकलेलं अगदी जवळ येतं. तुमचा सल्ला बरोबरच आहे, फक्त तो सरसकट आकडा सोडून द्यायचा.

लहान मुलांचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं, त्यामुळे त्यांना टोपी आणखी गरजेची.

आप्पा

पटलं. धन्यवाद, ताई.

वाटाड्या

मी बर्फावर चालणाऱ्या स्कूटरवरून जाणाऱ्यांबद्दल लिहितो. वारा नसलेल्या दिवशीही गाडीचा वेग हाच वारा असतो, आणि हे लोकांच्या लक्षात येत नाही. हवा उणे २० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर उघड्या त्वचेला ते उणे ३३ सारखं असतं. कॅनडाच्या हवामान खात्याच्या तक्त्यानुसार विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे त्वचेला जाणवणारी थंडी, उणे २८ ते उणे ३९ मध्ये असेल तर उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. उणे ४० ते उणे ४७ मध्ये तेच ५ ते १० मिनिटांवर येतं. गाडी ताशी ३० च्या कितीतरी वर जाते, तेव्हा हिशोब तुम्हीच करा.

या मोजमापाची सुरुवात अंटार्क्टिकात झाली. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल यांनी प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून वाऱ्यात टांगलं आणि ते गोठायला किती वेळ लागतो ते टिपलं. आजचं सूत्र वेगळं आहे, ते २००१ पासून वापरात आलं. त्यासाठी माणसांच्या चेहऱ्यावरच चाचण्या घेतल्या होत्या, कारण थंडीत बहुतेक वेळा उघडा राहतो तो चेहराच.

आणखी एक. हवेचं तापमान शून्याच्या वर असेल तर विंड चिलचा आकडा कितीही खाली गेला तरी कोरडी त्वचा गोठत नाही. थंडी वाजते, अंगाचं तापमान घसरू शकतं, पण हिमदंश होत नाही. दोन्हींची गल्लत करू नये.

हेल्मेटखाली जाड टोपी घालू नका. हेल्मेट सैल बसतं किंवा वर उचललं जातं, आणि पडल्यावर त्याचा उपयोग राहत नाही. पातळ, शिवण नसलेली माकडटोपी घाला.

रानवारा

मैना, चष्म्याबद्दल. श्वास वर येतो तो नाकाच्या दोन्ही बाजूंच्या फटीतून. ती फट बंद करायची. नाकाच्या हाडावर वाकवता येणारी पातळ पट्टी असलेलं आवरण मिळतं, ते बोटांनी दाबून नाकाच्या आकारावर बसवा. तोंडासमोर भोकं किंवा जाळी असली तर श्वास सरळ पुढे जातो, वर चढत नाही. शक्य असेल तर नाकाने श्वास घ्या आणि ओठ थोडे पुढे काढून खालच्या दिशेने सोडा.

वारा असेल तर चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल घ्या. गॉगलची खालची कडा कापडावर न ठेवता त्वचेवर टेकू द्या, आणि कापड गॉगलच्या खाली संपवा. कापड गॉगलच्या आत गेलं की वाफ थेट काचेवर. चढावर घाम आला म्हणून गॉगल कपाळावर सरकवायची सवय अनेकांना असते. तसं केलं की कपाळाची वाफ आत जाऊन गोठते आणि तो परत डोळ्यांवर घेतल्यावर काही दिसत नाही. थोडा वेळ गॉगल नकोच असेल तर तो जाकिटाच्या आत ठेवा.

धातूची फ्रेम असेल तर नाकाजवळ आणि कानामागे ती त्वचेला चिकटून गार होत राहते. अशा हवेसाठी प्लास्टिकची फ्रेम बरी.

मैना

मनापासून धन्यवाद. कापड गॉगलखाली संपवायचं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

चंद्रकोर

धागा वाचून विचारतेय. ही सगळी सामग्री जवळ नसताना अडकलं तर? आणीबाणी म्हणजे नेमकी तयारी नसतानाच येते.

वाटाड्या

चंद्रकोर, फार कामाचा प्रश्न. जवळ जास्तीचा टीशर्ट असला तरी पूर्ण चेहरा झाकता येतो. टीशर्ट अंगात घालतो तसा डोक्यातून घ्यायचा, पण गळ्याच्या भोकातून फक्त डोळे बाहेर येतील एवढ्यावर थांबायचं. गळ्याची खालची कडा नाकाच्या हाडावर, वरची कडा कपाळावर. दोन्ही बाह्या डोक्यामागे नेऊन घट्ट गाठ मारायची. उरलेला घेर मानेभोवती जाकिटाच्या आत खोचायचा. पूर्ण बाह्यांचा लोकरी किंवा पॉलिस्टरचा असेल तर उत्तमच. सुती असेल तरी निव्वळ उघड्या चेहऱ्यापेक्षा बरा, फक्त तो ओला होतोय का यावर डोळा ठेवा.

स्वेटरची बाही कापली की नळीसारखी गळपट्टी तयार होते. लोकरी मोजा उलगडून कानांवरून आडवा बांधता येतो. टोपीतून वारा शिरत असेल तर टोपीच्या वरून प्लास्टिकची पिशवी ओढा, कपाळापर्यंतच. नाकातोंडावर प्लास्टिक कधीही, कुणाच्याही, थोड्या वेळासाठीसुद्धा घ्यायचं नाही. चकचकीत आणीबाणीचं ब्लँकेट असेल तर त्याचा तुकडा हूड आणि टोपीच्या मधे घालता येतो.

गॉगल नाही आणि बर्फावर ऊन आहे, तर पुठ्ठ्याची किंवा जाड कापडाची पट्टी घेऊन डोळ्यांसमोर अरुंद आडव्या चिरा पाडा. आर्क्टिकमधले इन्युइट लोक हाडाचे आणि लाकडाचे असेच गॉगल शतकानुशतकं वापरत आले. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, त्यामुळे ढगाळ दिवशीही हिमांधत्व येऊ शकतं. त्याचा त्रास काही तासांनी सुरू होतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन पाणी गळायला लागतं. एकटे असाल तर त्या अवस्थेत वाट काढणं अशक्यच.

सुगरण

माझी दोन लहान मुलं आहेत. धाकटं अजून बोलत नाही. त्याचं नाक लाल झालं की मी मफलर गुंडाळते, पण भीती वाटत राहते. काय करावं?

शुश्रूषा

तुमची भीती रास्त आहे. तान्ह्या बाळाच्या नाकातोंडावर काहीही बांधू नका. त्याला ते बाजूला करता येत नाही आणि गुदमरतंय हे सांगताही येत नाही. वारा अडवायचा तर बाळाला छातीशी धरून तुमच्या जाकिटाच्या आत घ्या, चेहरा तुम्हाला दिसत राहील आणि श्वासाला मोकळी जागा राहील असा. टोपी हवीच, कान झाकणारी आणि हनुवटीखाली सैल बसणारी.

चालत्याफिरत्या मुलाला लांब मफलर नको. झोपाळ्यात, गाडीच्या दारात, घसरगुंडीवर अडकून तो गळ्याला आवळू शकतो. त्याऐवजी नळीची गळपट्टी, ओढली तर डोक्यावरून निघून येईल अशी. टोपीच्या नाड्या काढून टाका.

गरम गाडीत किंवा घरात शिरताच टोपी काढा, आणि बाळाला घरात टोपी घालून झोपवू नका. बाळं डोक्यातूनच जादा उष्णता बाहेर टाकतात, आणि झोपेत अंग फार तापणं त्यांना धोक्याचं असतं. वीज गेली आणि घरच गार पडलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा बाळ जागं असताना, तुमच्या नजरेसमोर, अंगाशी धरून ठेवा.

ज्येष्ठांबद्दलही लिहिते. गार वारा थेट चेहऱ्यावर आला की रक्तदाब वाढतो. ज्यांना हृदयविकार आहे त्यांच्या छातीत कळ येऊ शकते. दमेकऱ्यांच्या श्वासनलिका थंड, कोरड्या हवेने आकसतात. या दोघांसाठी नाकातोंडावरचं आवरण हा उपचाराचाच भाग समजा, कारण त्यातून आत जाणारी हवा थोडी उबदार आणि दमट होते.

पारिजात

दाढीवाल्यांचं काय? मला वाटतं दाढीने चेहरा उबदार राहतो. आणि उरलेल्या भागावर व्हॅसलीन लावलं की झालं, असं अनेक गिर्यारोहक सांगतात.

रानवारा

पारिजात, दाढीने थोडा वारा अडतो हे खरं. पण श्वासाचं पाणी दाढीत गोठून गोळे होतात, आवरण नीट बसत नाही, कधी ते दाढीलाच चिकटतं. त्याहून वाईट म्हणजे गालाची त्वचा कुणाला दिसत नाही, त्यामुळे पांढरा पडलेला भाग लक्षात येत नाही.

व्हॅसलीनबद्दल ताई सांगतील.

शुश्रूषा

व्हॅसलीनने ओठ आणि गाल फुटणं थांबतं. हिमदंश थांबत नाही. फिनलंडमध्ये यावर अभ्यास झाले. थंडीपासून वाचायला म्हणून चेहऱ्याला मलम लावणाऱ्या सैनिकांत हिमदंशाचा धोका कमी झाला नाही, उलट वाढलेला आढळला. एक कारण असं की मलम लावलं की त्वचा उबदार वाटते आणि माणूस चेहरा झाकायला उशीर करतो. तेव्हा मलम कोरड्या त्वचेसाठी लावा, कापडाच्या ऐवजी नको.

आता मुख्य गोष्ट लिहिते, जी मला या धाग्यावर सगळ्यात गरजेची वाटते. नाक, कानाच्या पाळ्या, गालांची हाडं आणि हनुवटी, या जागा आधी जातात. त्वचेचं तापमान शून्याच्या किंचित खाली गेलं की ती गोठायला लागते. सुरुवातीला झोंबतं, टोचतं. मग दुखणं थांबतं, आणि माणसाला वाटतं सवय झाली. तिथे संवेदना गेलेली असते. आरसा नसेल तर स्वतःला हे कळत नाही. सोबत कुणी असेल तर ठरवून दर काही मिनिटांनी एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहा. गोऱ्या त्वचेवर पांढरा किंवा पिवळसर, मेणचट डाग दिसतो. सावळ्या त्वचेवर तो राखाडी आणि फिकट दिसतो आणि लवकर लक्षात येत नाही, म्हणून हाताने स्पर्श करूनही बघा. एकटे असाल तर चेहरा वाकडातिकडा करा, भुवया उचला, गाल फुगवा. एखादा भाग ताठ वाटला तर तिथे लक्ष द्या.

डाग दिसला तर वाऱ्याकडे पाठ करा, कोरडा, उबदार तळहात त्यावर नुसता धरून ठेवा. चोळायचं नाही. बर्फ तर अजिबात चोळायचा नाही, ही फार जुनी आणि फार घातक समजूत आहे. शेकोटी किंवा हीटरसमोर चेहरा नेऊ नका, बधिर त्वचा भाजलेली कळत नाही. निवाऱ्यात पोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात भिजवलेलं कापड कानावर किंवा नाकावर ठेवा, गार झालं की बदला. फोड आले तर फोडू नका आणि दवाखाना गाठा. परत गारठ्यात जावं लागणार असेल आणि भाग खोलवर गोठलेला असेल तर तो वाटेत वितळवू नका. वितळून पुन्हा गोठलेली त्वचा बहुतेक वेळा वाचत नाही.

बोलणं अडखळायला लागलं, माणूस गोंधळला, थरथर थांबली, तर चेहरा बाजूला ठेवा. शरीराचं आतलं तापमान ३५ च्या खाली गेलेलं असू शकतं, आणि तेव्हा पूर्ण माणूस उबदार करणं आणि मदत बोलावणं हेच पहिलं काम.

मैना

अनुमोदन. हा प्रतिसाद वर आणून ठेवावा अशी संपादकांना विनंती.

इतिहासप्रेमी

थोडं अवांतर, पण श्वासाच्या ओलाव्याच्या मुद्द्याला धरून. १९११ च्या जूनअखेरीस, अंटार्क्टिकाच्या काळोख्या हिवाळ्यात, स्कॉटच्या मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझिअरला निघाले. तापमान उणे ६० च्या आसपास गेलं. एका सकाळी चेरी-गॅरार्ड तंबूबाहेर आले, आजूबाजूला बघायला मान वर केली आणि काही सेकंदांत घामाने आणि श्वासाने ओले झालेले कपडे तसेच गोठले. मान खाली येईना. तशाच अवस्थेत त्यांनी सुमारे चार तास घसरगाडी ओढली. त्यानंतर तिघेही गोठण्याआधी ओढायच्या पवित्र्यात वाकून उभे राहायचे.

इन्युइट लोकांनी हे आधीच सोडवलं होतं. त्यांच्या हूडच्या कडेला लांब केसांची झालर असते. ती चेहऱ्यासमोर हवा स्थिर धरते, वारा तिथे मोडतो, आणि तोंडावर कापड घट्ट बांधावं लागत नाही. वुल्व्हरिन नावाच्या प्राण्याची कातडी त्यासाठी खास, कारण तिच्यावर जमलेला बर्फ हाताने सहज झटकता येतो.

रानवारा

हे अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. हूड पुढे ओढून चेहऱ्यासमोर थोडी पोकळी ठेवली तर आतल्या कापडावरचं काम निम्मं होतं. म्हणून हूडची कडा ताठ राहील अशी तार असलेलं जाकीट बघावं.

झोपतानाही हेच. थंडी वाजते म्हणून स्लीपिंग बॅगच्या आत तोंड घालून झोपू नका. रात्रभराचा श्वास आतल्या भरावात जातो आणि दुसऱ्या रात्री ती बॅग ऊब देत नाही. टोपी घाला, बॅगचं तोंड आवळा, नाकतोंड बाहेर ठेवा, वर कोरडा बफ सैल टाका.

दगडूशेठ

रानवारा, सगळं वाचलं, पण तुमच्या मूळ म्हणण्याशी मी सहमत नाही. खरी आणीबाणी आली की बोटं बधिर असतात, डोकं चालत नाही. अशा वेळी बफ फिरवा, ओला आत ठेवा, कोरडा काढा, हे कुणालाही सुचणार नाही. एक जाड माकडटोपी घातली की विषय संपला. साधेपणालाही किंमत असते.

रानवारा

दगडूशेठ, बोटांचा मुद्दा एकदम बरोबर. म्हणूनच दोन्ही आवरणं अशी असावीत की जाड हातमोजे न काढता ओढता येतील. घरी हातमोजे घालून, डोळे मिटून करून बघा. गाठी, बारीक बटणं, टिचकी बटणं असलेलं काही पिशवीत नको. ओठांजवळ धातूची चेन तर नकोच.

पण जाड टोपीचं काय होतं ते सांगतो. बर्फ उपसताना, गाडी ढकलताना, चढ चढताना घाम येतो. जाड टोपी घामाने आतून आणि श्वासाने बाहेरून भिजते. काढली तर कान उघडे, ठेवली तर ओली. दुसरा पर्याय हातात नसतो. पातळ असेल तर कष्टाच्या वेळी तोंडावरचा भाग खाली ओढता येतो, थांबल्यावर वर घेता येतो आणि गरज पडली तर दुसरी त्यावर चढवता येते.

दगडूशेठ

घामाचा मुद्दा मान्य. तरी गाडीत जी माणसं नुसती बसून वाट बघणार आहेत, त्यांच्यासाठी जाड टोपीच बरी असं मी म्हणेन. तिथे घाम येण्याचा प्रश्न नाही.

रानवारा

बसून राहणाऱ्यांसाठी हो, तिथे तुमचं मानतो. गाडीत एक जाड आणि एक पातळ ठेवा. फक्त बसून राहताना इंजिन चालू करायच्या आधी उतरून सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ काढावाच लागतो, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. इंजिन तासाला दहा मिनिटं, वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी. त्या उतरण्यासाठी पातळ माकडटोपी आणि गॉगल सीटजवळ हाताशी असू द्या, मागच्या डिकीत नको. दार बर्फाने अडलं तर डिकीपर्यंत पोचता येत नाही.

चंद्रकोर

हूड आणि टोपीने कान पूर्ण बंद होतात. गाडीतून उतरल्यावर मागून येणारं वाहन ऐकूच येत नाही. त्याला काही उपाय?

वाटाड्या

ऐकू येणार नाही हे धरूनच चालायचं. हूडच्या आत नुसती मान वळवली तर नजर हूडच्या कडेलाच अडते, म्हणून बघताना पूर्ण अंग वळवा. रस्त्याच्या बाजूचं दार उघडू नका, दुसऱ्या बाजूने उतरा. हूडवर किंवा पाठीवर चमकणारी पट्टी असू द्या, वादळात चालकाला माणूस दिसत नाही, पट्टी दिसते. आणि काम झालं की गाडीजवळ घुटमळू नका, लगेच आत.